हिमालय वाहून आणणारी कोसी

एव्हरेस्टच्या उत्तर अंगाला, तिबेटच्या बाजूला, रोंगबुक हिमनदी आहे. तिचं वितळलेलं पाणी अर्थातच उत्तरेला उतरतं. पुढं ते कुठं जात असेल? दक्षिणेला जगातली सर्वांत उंच भिंत आडवी उभी आहे. तेव्हा ते तिबेटच्या पठारावरच एखाद्या खाऱ्या सरोवरात संपत असेल, किंवा फार तर ब्रह्मपुत्रेत जात असेल, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात ते पोहोचतं बिहारात. ज्या भिंतीवरून ते उलट्या दिशेला उतरलं तीच भिंत भेदून ते नेपाळमध्ये येतं आणि कटिहार जिल्ह्यात कुरसेलाजवळ गंगेला मिळतं. या वाटेला आपण कोसी म्हणतो.

आपल्याकडच्या शालेय भूगोलात कोसी ‘बिहारचा शोक’ एवढ्या एका ओळीत आटोपते. ती ओळ मला कधीच पटलेली नाही. शोक माणसांच्या वाट्याला आला हे खरंच, पण नदी नेमकं काय करते आहे याचा त्यात पत्ताच नाही. ते समजून घ्यायचं तर तिच्या पाण्याइतकंच, किंबहुना पाण्याच्या आधी, तिच्या गाळाकडं पाहावं लागतं.

आधी भिंतीचं कोडं. रोंगबुकचं पाणी घेऊन भिंत भेदणाऱ्या नदीचं नाव अरुण. तिचा उगम शिशापांगमा शिखराच्या उत्तर उतारावरचा. तिबेटमध्ये तिला फुंग चू म्हणतात. हिमालयाच्या पाठीमागून, रांगेला समांतर, ती शेकडो किलोमीटर पूर्वेला जाते. त्या वाटेवरच्या तिंगरी भागात आपल्या माणदेशाहूनही कमी पाऊस पडतो. मग ती एकाएकी दक्षिणेला वळते आणि मकालू व कांचनजंगा यांच्यामधून आरपार निघते. ही दोन्ही शिखरं साडेआठ हजार मीटरच्या आसपासची. त्यांच्या मधल्या पट्ट्यात, नेपाळच्या सीमेवर किमाथांका इथं, अरुणचं पात्र जेमतेम दोन-सव्वादोन हजार मीटरवर आहे.

हे कोडं सोडवण्याचा पहिला गंभीर प्रयत्न एका गिर्यारोहकानं केला. लॉरेन्स वेजर हा मुळात भूवैज्ञानिक. १९३३ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत तो आणि विन-हॅरिस प्राणवायूच्या नळकांड्यांशिवाय साडेआठ हजार मीटरच्या वर पोहोचले होते. त्या चढाईत या दोघांना १९२४ मध्ये बेपत्ता झालेल्या मॅलरी-अर्विन जोडीची बर्फकुऱ्हाड सापडली, म्हणून गिर्यारोहणाच्या इतिहासात त्यांची नावं राहिली. वेजरनं अरुणवर १९३७ मध्ये लिहिलेला निबंध मात्र भूगोलाच्या अभ्यासकांपलीकडं फारसा कुणाला ठाऊक नाही. त्याच्या नजरेत भरली ती योरी नावाची घळ. तिथं शेजारीच मऊ शिस्ट खडकातून सोपी वाट असताना नदी कठीण नीस खडकात शिरते आणि तो कापत जाते. पाणी स्वतःहून अशी वाट निवडत नाही. तेव्हा नदी आधीपासून तिथं वाहत असली पाहिजे, पर्वत नंतर तिच्याखालून वर उचलला गेला असला पाहिजे, आणि जितका तो उचलला गेला तितकी नदी त्याला कापत राहिली असली पाहिजे, असं त्यानं मांडलं. भूगोलात अशा नदीला पूर्ववर्ती नदी म्हणतात.

वेजर तिथंच थांबला नाही. पृथ्वीचं कवच खालच्या घन पण वाकणाऱ्या थरावर तरंगत असतं. होडीतला माल उतरवला की होडी जशी पाण्यातून वर येते, तसं दऱ्यांमधून प्रचंड खडक वाहून गेला की हलकं झालेलं कवच वर येतं. ते वर येतं तेव्हा न झिजलेली शिखरंही त्याच्यासोबत उंचावतात. नदीनं दरी खोल केली म्हणून शिखर उंच झालं, असा हा उलटा वाटणारा पण बिनचूक तर्क.

सप्टेंबर २०२४ मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासानं याच तर्काला आकडे दिले. त्या संशोधकांच्या मते सुमारे ८९ हजार वर्षांपूर्वी अरुणनं मागं-मागं झीज करत तिबेटमधलं दुसरंच एक नदीजाळं आपल्याकडं ओढून घेतलं. भूगोलाच्या पुस्तकातलं हे नदीचौर्य. अचानक पाणी वाढलं, दरीची झीज वाढली आणि त्यामुळे एव्हरेस्ट १५ ते ५० मीटरनं उंचावलं. ८,८४८.८६ मीटरमधले काही मीटर अशा रीतीनं कोसीच्या खात्यावर जमा आहेत. नदी पर्वताहून जुनी असा वेजरचा कौल. नव्या अभ्यासात अरुणचा आजचा आवाका त्या मानानं अगदी अलीकडचा ठरतो. या दोन्हींचा पूर्ण मेळ अजून बसलेला नाही. झीज आणि उंची यांचं नातं मात्र दोघांनाही मान्य आहे, आणि ही झीज खाली कुठंतरी साठणार हेही ओघानं आलंच.

अरुण ही सात कोसींपैकी एक. इंद्रावती, सुनकोसी, तामाकोसी, लिखू, दूधकोसी, अरुण आणि तमोर मिळून नेपाळी लोकांची सप्तकोसी होते. दूधकोसी एव्हरेस्टचं दक्षिणेकडचं पाणी आणते, तमोर कांचनजंगाच्या पश्चिम अंगाचं. जगात आठ हजार मीटरहून उंच शिखरं १४ आहेत. त्यांतली सहा, म्हणजे एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू, चो ओयू, कांचनजंगा आणि शिशापांगमा, आपलं सगळं किंवा थोडं पाणी कोसीला देतात. सुनकोसी, अरुण आणि तमोर या तिन्हींचा संगम त्रिवेणी इथं होतो. पाणलोट क्षेत्रातला निम्म्याहून अधिक भाग अरुणचा, पण पाणी तिचं सगळ्यांत जास्त नाही. तिचा बराचसा मुलूख पर्जन्यछायेत आहे, आणि मोसमी पाऊस झेलणारी सुनकोसी तिला मागं टाकते. संगमानंतर अरुंद घळीतून, वराहक्षेत्राच्या देवळाजवळून, चतरा या गावापाशी नदी डोंगराबाहेर पडते.

डोंगरातला तिचा प्रवास पाहिला की गाळ कुठून येतो हे वेगळं सांगावं लागत नाही. खडक तरुण आणि भेगाळलेले, उतार उभे, भूकंप नित्याचे, आणि चार महिन्यांत कोसळणारा पाऊस. ऑगस्ट २०१४ मध्ये सुनकोसीवर जुरे इथं एक अख्खा डोंगरउतार खाली आला. दीडशेहून अधिक माणसं दगावली, नदी अडली, तिच्यामागं तळं साठलं, आणि ते फुटेल या धास्तीनं खाली बिहारमध्ये हजारो लोकांना हलवावं लागलं. ४ ऑगस्ट १९८५ रोजी दूधकोसीच्या खोऱ्यातलं दिग छो हे हिमसरोवर फुटलं तेव्हा नामचे भागातला पूर्ण होत आलेला जलविद्युत प्रकल्प वाहून गेला. १५ जानेवारी १९३४ चा भूकंप बिहारच्या नावानं ओळखला जातो, पण त्याचं केंद्र पूर्व नेपाळात, याच पाणलोटात होतं. अशा प्रत्येक घटनेनंतर नदीच्या वाटेवर मोकळा दगड, वाळू, माती येऊन पडते आणि पुढचे पावसाळे ती खाली नेत राहतात. चतराला कोसी दरवर्षी साधारण १० कोटी टन गाळ घेऊन येते. वीस टनी डंपर धरले तर पन्नास लाख डंपर, दरसाल, आणि त्यातले बहुतेक पावसाळ्याच्या चार महिन्यांत.

चतराला डोंगर संपतो आणि उतार मोडतो. वरच्या भागात किलोमीटरमागं जवळपास मीटरभर असलेला उतार खाली कुरसेलाकडं जाईपर्यंत काही सेंटीमीटरवर येतो. वेग गेला की ओझं टाकावं लागतं. आधी गोटे पडतात, चतरापासून दहा-पंधरा किलोमीटरमध्येच. मग वाळू, जिच्यातून नदी अनेक फाटे फुटून, मध्ये बेटं सोडत जाते. खाली खगडिया-कटिहारकडं उरते ती बारीक माती, आणि नदी तिथं एका पात्रात येऊन नागमोडी वळणं घेते. टाकलेल्या ओझ्यानं पात्र उंचावत जातं. आजूबाजूची जमीन त्या मानानं खाली राहते. एखाद्या पुरात पाणी काठ ओलांडतं आणि सखल जागा पकडून नवी वाट धरतं. मग तिथं गाळ साठू लागतो. हजारो वर्षं हेच चालल्यानं चतरा हे टोक धरून दीडशे किलोमीटरहून लांब पसरलेलं एक पंखाकृती मैदान तयार झालं आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या अशा मैदानांत त्याची गणना होते. सुपौल, सहरसा, मधेपुरा, पूर्णिया, अररिया हे जिल्हे पूर्णपणे किंवा अंशतः त्याच्यावर वसलेले आहेत. बिहारचा हा भाग ज्या जमिनीवर उभा आहे ती कोसीनंच आणून टाकलेली आहे.

या मैदानाचा अभ्यास करणाऱ्यांना हमखास भेटणारा एक निबंध पुण्याचा आहे. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रातले अभियंते सी. व्ही. गोळे आणि एस. व्ही. चितळे यांनी १९६६ मध्ये कोसीला ‘समुद्रापासून दूर त्रिभुज प्रदेश बांधणारी नदी’ म्हणून पाहिलं. जुने नकाशे आणि नोंदी लावून त्यांनी दाखवलं की अठराव्या शतकात पूर्णिया शहराजवळून वाहणारी कोसी सव्वादोनशे वर्षांत ११० किलोमीटरहून अधिक पश्चिमेला सरकली आहे. आपल्याकडच्या एका प्रयोगशाळेत बसून लिहिलेला हा निबंध आजही परदेशी भूवैज्ञानिकांच्या संदर्भसूचीत दिसतो. पुण्यात मात्र तो किती जणांना ठाऊक असेल, शंकाच आहे.

नदी सरकते कशानं? भूकंपानं, मोठ्या पुरानं, की जमीन एका बाजूला कलते आहे म्हणून? १९८७ मध्ये वेल्स आणि डॉर या अमेरिकी संशोधकांनी तारखा पडताळल्या. नदीच्या उड्या आणि भूकंप-महापूर यांच्या तारखा जुळत नाहीत असं त्यांना आढळलं. त्यांचा निष्कर्ष असा की नदीला बाहेरच्या धक्क्याची गरज नाही, गाळ साठणं हेच कारण पुरेसं आहे. नंतर तपन चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिमेकडच्या या सरळ प्रवासावरच प्रश्नचिन्ह लावलं. १७६० पासूनच्या दोनशे वर्षांतले अनेक नकाशे शेजारी ठेवले तर कोसी एका दिशेनं शिस्तीत चालत गेलेली दिसत नाही. ती पुढं-मागं झुलत राहिलेली दिसते. मला हे दुसरं म्हणणं जास्त गंभीर वाटतं. नदी पश्चिमेलाच जाते असं मानलं की पूर्वेकडची माणसं निर्धास्त होतात.

तिथल्या माणसांना या वादाची गरज नव्हती. सोडून दिलेल्या प्रत्येक पात्राला त्यांच्याकडं ‘धार’ म्हणतात आणि प्रत्येक धारेला नाव आहे. पाणी साचून राहणाऱ्या सखल जागेला ‘चौर’. याच चौरांमध्ये आज मखाना पिकतो. नदी निघून गेल्यावर मागं राहिलेली वाळूची पडीक जमीन फणीश्वरनाथ रेणूंच्या ‘परती परिकथा’ या हिंदी कादंबरीचा विषय झाली, ते स्वतः याच भागातले. आणि एक रेल्वेची गोष्ट. निर्मली आणि भपटियाही ही कोसीच्या दोन काठांवरची गावं १८८७ मध्ये मीटरगेजनं जोडली गेली होती. १९३४ मध्ये पूल गेला. त्यानंतर समोरच्या काठावर रेल्वेनं जायचं तर दरभंगा, समस्तीपूर, खगडिया करत तीनशे किलोमीटरचा वळसा पडायचा. नवा पूल सुरू झाला सप्टेंबर २०२० मध्ये, ८६ वर्षांनी. सरळ अंतर २२ किलोमीटर.

१९५३ च्या पुरानंतर सरकारनं ठरवलं की तटबंध बांधून नदीला एका जागी बसवायचं. त्याआधी १९३७ मध्ये पाटण्याच्या पूरपरिषदेत बिहारचे मुख्य अभियंता कॅप्टन हॉल यांनी तटबंधांविरुद्ध बजावलं होतं. १९४७ मध्ये निर्मलीच्या सभेत वराहक्षेत्राजवळ भाक्राहूनही उंच धरणाची घोषणा झाली होती, पण ती खर्चाला आणि भूकंपाच्या भीतीला अडली. १९५४ मध्ये कंवर सेन आणि के. एल. राव हे दोन नामांकित अभियंते चीनमध्ये जाऊन ह्वांग हो नदीचे तटबंध पाहून आले आणि तटबंधांच्या बाजूनं त्यांनी कौल दिला. ह्वांग होचं उदाहरण द्यावं हे खरं तर नवलच. तटबंधांत अडकून तिचं पात्र भोवतालच्या मैदानाहून कित्येक मीटर उंच गेलेलं आहे, आणि १८५५ मध्ये ती फुटली तेव्हा तिचं मुखच शेकडो किलोमीटर उत्तरेला गेलं होतं. असो. २५ एप्रिल १९५४ रोजी नेपाळशी करार झाला, जानेवारी १९५५ मध्ये मातीकाम सुरू झालं, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला भीमनगरजवळ ५६ दरवाजांचा बराज उभा राहिला. दोन्ही काठांना सव्वाशे किलोमीटरच्या आसपास लांबीचे तटबंध आले. साडेतीनशेहून अधिक गावं या दोन तटबंधांच्या आतच राहिली. आज त्यांत लाखो माणसं राहतात. अभियंता आणि अभ्यासक दिनेशकुमार मिश्र यांनी या सगळ्याचा इतिहास ‘दुई पाटन के बीच में’ या पुस्तकात नोंदवला आहे.

तटबंधांनी पाणी अडवलं, गाळ थांबला नाही. पूर्वी जो शंभर किलोमीटर रुंदीवर पसरायचा तो आता दहा-बारा किलोमीटरच्या पट्ट्यात साठू लागला. कानपूर आयआयटीचे राजीव सिन्हा आणि त्यांचे सहकारी हेच मोजत आले आहेत. तटबंधांच्या आतलं पात्र काही ठिकाणी बाहेरच्या शेतांहून काही मीटर उंच झालं आहे.

१८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळात कुसहा इथं, बराजच्या वर सुमारे १२ किलोमीटरवर, पूर्वेचा तटबंध फुटला. तटबंध फुटण्याची ती आठवी वेळ. त्या दिवशी नदीत होतं १.४४ लाख क्युसेक पाणी. खडकवासल्यातून ३५-४० हजार क्युसेक विसर्ग सुरू झाला की सिंहगड रस्त्याच्या सोसायट्यांत पाणी शिरतं, त्या मानानं हा आकडा मोठा वाटेल. पण कोसीचा बराज आणि तटबंध साडेनऊ लाख क्युसेकसाठी बांधलेले आहेत. म्हणजे क्षमतेच्या एक षष्ठांशाहूनही कमी पाण्यात ते गेले. नदीचा बहुतांश प्रवाह पूर्वेकडं घुसला, जुन्या सुरसर धारेनं वाट काढत काही ठिकाणी आधीच्या पात्रापासून १२० किलोमीटरपर्यंत गेला. ज्यांनी दोन-तीन पिढ्यांत पूर पाहिला नव्हता, ज्यांच्याकडं होड्या नव्हत्या, अशा ३० लाखांहून अधिक लोकांना त्याचा फटका बसला. बिहारमध्ये पाचशेहून अधिक माणसं गेली. २००९ च्या सुरुवातीला भगदाड बुजवून नदी परत तटबंधांच्या आत ढकलली गेली. सिन्हांनी ‘करंट सायन्स’मध्ये लिहिताना याला पूर म्हटलं नाही; नदीनं पात्र बदललं, असं म्हटलं. हा फरक फार महत्त्वाचा. पुरावरचा उपाय पाण्याच्या आकड्यात शोधता येतो. पात्र बदलण्याचं कारण पाण्याच्या आकड्यात दिसतच नाही, कारण ते तळाशी साठलेलं असतं.

तरीही दर पावसाळ्यात बातमी येते ती क्युसेकचीच. २८-२९ सप्टेंबर २०२४ ला बराजवरून ६.६१ लाख क्युसेक पाणी गेलं, १९६८ नंतरचं सर्वाधिक. आकडा अजूनही साडेनऊ लाखांच्या खालीच. दरभंगा जिल्ह्यातल्या किरतपूर भागात पश्चिमेचा तटबंध फुटला. लगेच उंच धरणाची जुनी मागणी पुन्हा आली. वराहक्षेत्राच्या त्या धरणात वर्षाला १० कोटी टन गाळ येऊन बसायला लागला तर जलाशय किती वर्षं जलाशय राहील, हा प्रश्न त्या मागणीसोबत क्वचितच विचारला जातो.

दुसरी बाजूही सोपी नाही. तटबंध काढून टाका असं म्हणणाऱ्यांना त्यांच्या बाहेर सहा-सात दशकांत उभी राहिलेली शहरं, रस्ते, कालवे दिसले पाहिजेत. मधला रस्ता म्हणून बांगलादेशातल्या खुलना-जसोर भागाचा दाखला दिला जातो. तिथल्या शेतकऱ्यांनी नव्वदच्या दशकात स्वतःच बांध फोडून भरतीचं गढूळ पाणी सखल पाणथळ जागांमध्ये, म्हणजे तिथल्या ‘बिलां’मध्ये घेतलं. गाळानं बिलं भरून आली, तुंबलेल्या नद्या पुन्हा खोल झाल्या, आणि पुढं सरकारनंही ही पद्धत उचलली. ठरवून, ठरावीक जागी, काही वर्षं गाळ आत घ्यायचा आणि मग जागा बदलायची. कोसीला हे लागू करताना मात्र दाण्याचा आकार पाहावा लागेल. खगडियाच्या बाजूला पाण्याबरोबर येईल ती बारीक माती, जिच्यावर पुढच्या हंगामात गहू-मका उभा राहू शकतो. सव्वाशे-दीडशे किलोमीटर वर, बराजजवळच्या बीरपूरला तोच प्रयोग केला तर शेतात पडेल ती नुसती वाळू. २००८ नंतर सुपौलमधल्या शेतकऱ्यांना ती खरवडून काढावी लागली होती.